टाचेमागच्या टेंडनची इलास्टोग्राफी: पहिल्यांदाच प्रोब हातात घेणाऱ्यांसाठी

दरवर्षी जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन झाली की पुढचे दोन-तीन आठवडे टाचेच्या मागे दुखतंय म्हणून येणाऱ्यांची रांग लागते. त्यातले निम्मे इंटरनेटवर वाचून आलेले असतात. टेबलावर पालथं पडण्याआधीच विचारतात, "डॉक्टर, ती रंगीत सोनोग्राफी करणार ना? टेंडन कडक आहे की मऊ ते दाखवणारी?" नव्या रेसिडेंटला हा प्रश्न आवडतो. यंत्रावर एक बटण असतं, ते दाबलं की काळ्या-पांढऱ्या चित्रावर इंद्रधनुष्य उमटतं, शेजारी आकडाही येतो. काम झालं असं वाटतं.

काम तिथून सुरू होतं. हा लेख एमडी, डीएनबी करणाऱ्या रेसिडेंटसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे असे रिपोर्ट येतात त्या अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींनाही तो वाचायला हरकत नाही. सगळं एकाच टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या एकाच दोरावर समजावतो: अकिलीस, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी. ती कातडीच्या लगेच खाली असते, बोटांनी चाचपता येते आणि तिची जोडीदार दुसऱ्या पायात हजर असते. शिकायला याहून बरी जागा नाही.

यंत्र मोजतं तरी काय

कडक आणि मऊ ओळखायला वैद्यकात बोटं पूर्वीपासून वापरतात. तीच तपासणी ध्वनिलहरींनी करण्याची पद्धत अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये जोनाथन ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली मांडली आणि तिला इलास्टोग्राफी हे नाव दिलं. आज आपल्या यंत्रांवर तिचे दोन प्रकार भेटतात आणि दोघांची जात वेगळी आहे.

पहिला, स्ट्रेन इलास्टोग्राफी. यात प्रोबने, म्हणजे कातडीवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या हातातल्या भागाने, तुम्ही हलकेच दाबता, सोडता. मऊ भाग जास्त दबतो, कडक भाग कमी. यंत्र फक्त कुठला भाग शेजारच्यापेक्षा किती दबला एवढंच सांगतं. म्हणजे उत्तर नेहमी तुलनेतलं. "किती कडक?" याला इथे उत्तर नाही, "कोणापेक्षा कडक?" याला आहे.

दुसरा, शिअर वेव्ह इलास्टोग्राफी. इथे दाबायचं नाही. यंत्र स्वतःच ध्वनीचा एक जोरकस, नेमका ठोसा ऊतीच्या आत देतं. त्या ठोशाने पाण्यात खडा टाकल्यावर निघावी तशी लाट बाजूला पसरते. ती सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाने जाते. तिला बघणारा अल्ट्रासाउंड मात्र सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने धावतो, म्हणून सेकंदाला हजारो चित्रं काढून यंत्र त्या संथ लाटेचा पाठलाग करू शकतं. लाट जितकी वेगात, तितकी ऊती कडक.

आता खरी गोम. तानपुऱ्याची खुंटी पिळली की तार तीच राहते, सूर चढतो. टेंडनचंही असंच. तिच्यात लाट किती वेगाने धावेल हे तिच्या तब्येतीवर जितकं ठरतं, तितकंच ती त्या क्षणी किती ताणलेली आहे यावर ठरतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभियंत्यांनी 2018 मध्ये याच गोष्टीचा उलटा उपयोग करून दाखवला. चालणाऱ्या माणसाच्या अकिलीसवर बाहेरून टकटक करायची, लाटेचा वेग मोजायचा आणि त्यावरून टेंडनवर किती भार आहे ते सांगायचं. त्यांना जो संदेश हवा होता तोच आपल्या कामात घोळ घालतो. पुढे पायाची स्थिती, पायाची स्थिती असं मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, त्याचं कारण हे.

पहिला धडा स्वतःच्या पायावर

पेशंट घेण्याआधी सहकाऱ्याला पालथं झोपवा. प्रोब टेंडनच्या लांबीत ठेवा, शिअर वेव्ह सुरू करा आणि त्याला सांगा, "पंजा खाली लांबव, बॅले नर्तकीसारखा." रंग मऊ बाजूला सरकेल. "आता सैल सोड." रंग चढेल. "आता पंजा नडगीकडे ओढ." बहुतेक यंत्रांवर इथे रंग पट्टीच्या टोकाला जाऊन अडकतो. एकाच निरोगी टेंडनचे अर्ध्या मिनिटात तीन आकडे. हे एकदा स्वतः बघितलं की कुठल्याही परिषदेतल्या व्याख्यानापेक्षा पक्कं डोक्यात बसतं.

मग आठ-दहा निरोगी सहकाऱ्यांवर सराव करा. प्रत्येकाची तीन मापं, आणि प्रत्येक वेळी प्रोब पूर्ण उचलून पुन्हा ठेवायचा. प्रोब न हलवता तीनदा बटण दाबलं तर आकडे छान जुळतात, पण त्यात तुमच्या हाताची परीक्षा होत नाही. तुमचेच तीन आकडे एकमेकांपासून फार लांब पडत असतील तर पेशंटच्या दोन पायांतला फरक दाखवायचा अधिकार तुम्हाला अजून आलेला नाही.

पेशंटची मांडामांड

आधी दोन मिनिटं बोला. दुखणं कधीपासून, टाचेच्या हाडाशी की त्याच्या वर, सकाळची पहिली पावलं कशी पडतात, आठवड्याला किती पळणं होतं. औषधं आवर्जून विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्सनी टेंडन दुखावते आणि फाटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्ये या औषधांवर त्यासाठी ठळक इशारा छापायला लावला. स्टेरॉइड, मधुमेह आणि घराण्यात चालत आलेलं जास्त कोलेस्टेरॉल हेही नोंदवा. शेवटच्यात टेंडनमध्ये चरबीचे साठे होतात आणि ती जाड दिसते.

त्याच दिवशी सकाळी पळून आलेला असेल तर शक्यतो दुसरा दिवस द्या. निदान दहा मिनिटं तरी निवांत पडू द्या.

पेशंट पालथा, गुडघे सरळ, दोन्ही पावलं टेबलाच्या कडेबाहेर मोकळी लोंबणारी. गुडघ्याकडे लक्ष असू द्या. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून येतो, त्यामुळे गुडघा वाकला की टेंडनचा ताण बदलतो. घोटा कोणत्या कोनात आहे ते गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) मोजा आणि लिहा. सैल लोंबता ठेवा किंवा काटकोनात आधार देऊन ठेवा. तुमच्या विभागाने एक पद्धत ठरवावी आणि मग ती बदलू नये. मला सैल लोंबता पाय जास्त पटतो. काटकोनात निरोगी टेंडनसुद्धा कित्येक यंत्रांची मर्यादा गाठते, आणि दुखणारा माणूस पाऊल धरून ठेवलं की नकळत पोटरी आवळतो. "काका, पाय मेल्यासारखा सोडा" हे सांगून बहुधा भागतं. नाही भागलं तर पोटरीवर एक हात ठेवा, स्नायू आवळला की लगेच कळतं.

माझी एक फजिती इथेच सांगून टाकतो. सुरुवातीच्या काळात एका कबड्डीपटूची तपासणी करताना उजवा पाय लोंबता होता आणि डाव्याखाली कोणीतरी उशी सरकवली होती. पंजा त्या उशीत रुतून थोडा खाली झुकला होता. मी दोन्ही आकडे लिहिले, डावी टेंडन लक्षणीय मऊ असल्याचं कळवलं. माझ्या सरांनी चित्रं नव्हे, टेबल बघितलं. उशी काढली, पुन्हा मोजलं, फरक गायब. त्या मुलाला तीन आठवडे मैदानाबाहेर बसवायची तयारी झाली होती.

साधी सोनोग्राफी वगळायची नाही

रंगाचं बटण दाबण्याआधी नेहमीची तपासणी पूर्ण करा. बारा मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा लिनिअर प्रोब, आधी आडवा, मग उभा, पोटरीच्या स्नायूपासून टाचेच्या हाडापर्यंत. जाडी नेहमी आडव्या छेदात मोजा, कारण उभ्या छेदात प्रोब तिरपा पडला की जाडी फुगते. निरोगी अकिलीसची पुढून-मागची जाडी साधारण सहा मिलिमीटरच्या आत असते. समांतर रेघांची घट्ट वीण दिसते का, मध्ये काळपट फुगवटा आहे का, रेघा तुटल्यात का ते बघा. काळा डाग दिसला की प्रोब किंचित डोलवा. किरण तंतूंवर काटकोनात पडले नाहीत तर निरोगी टेंडनही काळी दिसते, आणि हा डाग डोलवल्यावर नाहीसा होतो. खरा आजार जागेवर राहतो.

मग पॉवर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी तपासणी, पाऊल सैल आणि प्रोब जेमतेम टेकलेला. दाबलात तर नव्या बारीक रक्तवाहिन्या चेपून जातात.

आता पेनाने कातडीवर खुणा करा: टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून 2, 4 आणि 6 सेंटिमीटर. पळणाऱ्यांचा नेहमीचा आजार याच पट्ट्यात बसतो. पुढच्या वेळी तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला याच जागी परतायचं आहे.

स्ट्रेन: लय आणि शेजारी

तुमच्या यंत्रावर फक्त स्ट्रेन असेल तरी शिकण्यासारखं बरंच आहे. भरपूर जेल लावा. प्रोब टेंडनवर काटकोनात धरून सेकंदाला साधारण एक-दोनदा, अगदी हलकं दाबा-सोडा. हालचाल खांद्यातून नको, मनगटातून. बाजूला घसरू देऊ नका. बहुतेक यंत्रांवर दाब बरोबर पडतोय की नाही हे दाखवणारी पट्टी किंवा आलेख असतो. तो समाधानकारक होईपर्यंत चित्र गोठवायचं नाही. एकामागोमाग तीन चक्रांत तोच रंग तिथेच आला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

चित्रातल्या ज्या चौकटीत रंग उमटतो ती निवडताना टेंडनपुरती आखडती घेऊ नका. हा सगळा तुलनेचा खेळ आहे, चौकटीत शेजारी कोण हे ठरवतं की टेंडन कुठल्या रंगात येणार. वरची कातडी आणि टेंडनच्या खालचा चरबीचा थर (कागर फॅट पॅड), दोन्ही थोडे आत घ्या. मात्र टाचेचं हाड चौकटीत शिरलं की त्याच्या कडकपणापुढे बाकी सगळं मऊ ठरतं. स्ट्रेन रेशो, म्हणजे टेंडन आणि चरबी किती दबल्या यांचं गुणोत्तर, काढणार असाल तर चरबीतली तुलनेची जागा दोन्ही पायांत त्याच खोलीवर ठेवा.

टेंडनच्या कडांवर मऊ रंगाच्या बारीक रेषा दिसतात, विशेषतः आडव्या छेदात. तिथे टेंडन आणि तिचं आवरण एकमेकांवर घसरतात. तो आजार नाही. नवखे लोक याच रेषांना चीर समजतात.

आणि रंगांची दिशा! काही यंत्रांत लाल म्हणजे मऊ, काहींत लाल म्हणजे कडक. कित्येक यंत्रांत सेटिंगमध्ये जाऊन ते उलटंही करता येतं. रात्रपाळीत कोणी उलटवून गेलं असेल तर सकाळी तुम्हाला निरोगी टेंडनमध्ये आजार सापडेल. दरवेळी शेजारची रंगपट्टी बघा, आणि रिपोर्टमध्ये "लाल भाग" असं कधीही लिहू नका. "मऊ भाग" लिहा.

शिअर वेव्ह: हात बांधून ठेवायची कला

इथे स्ट्रेनची सवय विसरा. दाब शून्य. कातडी आणि प्रोबच्या मध्ये जेलचा तीन-चार मिलिमीटरचा थर चित्रात दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर तुम्ही दाबताय. टेंडन इतकी वर असते की या थराचा दुसराही फायदा होतो: कातडीला अगदी चिकटलेल्या पट्ट्यात मापं भरवशाची येत नाहीत, आणि जेलमुळे टेंडन त्या पट्ट्यातून थोडी खाली उतरते. मनगट टेबलावर टेकवा, करंगळी पेशंटच्या टाचेवर.

प्रोब तंतूंच्या दिशेत, नेमका. तंतूंच्या बाजूने लाट पळते, आडवी जायला तिला जड जातं. प्रोब तंतूंच्या दिशेतून फिरला तर आकडा घसरायला लागतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. साध्या चित्रात तंतूंच्या रेघा चौकटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसत असतील तर दिशा बरोबर. अकिलीसचे तंतू खाली येताना पीळ घेतात, म्हणून हाडाजवळ ही सलगता मिळवायला थोडी झटापट करावी लागते. आडव्या छेदात रंग बघा हवं तर, आकडे तिथले घेऊ नका.

चौकट लहान ठेवा. मोठ्या चौकटीने चित्रांचा वेग मंदावतो. सुरू केल्यावर पाच ते दहा सेकंद प्रोब तसाच धरून रंग स्थिर होऊ द्या, पेशंटलाही हलू नको म्हणा. रंग सतत उकळल्यासारखा बदलत असेल तर गोठवून काही उपयोग नाही. स्थिर झाला की गोठवा, टेंडनच्या आत बसेल असं दोन-तीन मिलिमीटरचं वर्तुळ ठेवा, कडांना स्पर्श न करता. तुमच्या यंत्रावर लाटेच्या दर्जाचा वेगळा नकाशा असेल तर तो उघडा, आणि दर्जा चांगला दिसतो तिथेच वर्तुळ न्या. प्रोब उचला, पुन्हा ठेवा, पुन्हा मोजा. प्रत्येक खुणेवर तीन ते पाच मापं आणि त्यांतला मधला आकडा.

मग दुसरा पाय, त्याच स्थितीत. दुसरा पाय निरोगी असेलच असं मात्र धरू नका. पळणाऱ्यांत दोन्ही बाजूंचा आजार सर्रास आढळतो, फक्त एकच आधी बोलायला लागतो.

मीटर की किलोपास्कल

यंत्र दोन्ही देतं. वेग मोजलेला असतो, किलोपास्कल (कडकपणाचं एकक) त्यावरून काढलेले असतात: वेगाचा वर्ग, गुणिले घनता, गुणिले तीन. हे सूत्र ज्या ऊतीसाठी बसवलंय ती सगळीकडून सारखी, सगळ्या दिशांना सारखी आणि लाटेच्या मानाने अफाट मोठी असं गृहीत धरलेलं आहे. यकृताला हे बऱ्यापैकी लागू पडतं. टेंडन म्हणजे एका दिशेने विणलेला, लाटेच्या लांबीपेक्षाही पातळ दोर. तिला हे सूत्र लावणं म्हणजे नऊवारी साडीचं माप पँटच्या टेपने घेण्यासारखं आहे. आकडा येईल, अर्थ लागणार नाही.

वर्गामुळे आणखी एक गंमत होते. एका पायात सेकंदाला 8 मीटर, दुसऱ्यात 7 मीटर. फरक एका मीटरचा, कदाचित तुमच्या हाताच्या चुकीत बसणारा. तेच किलोपास्कलमध्ये 192 आणि 147. हा फरक वाचून कोणीही घाबरेल. म्हणून टेंडनसाठी मीटर प्रति सेकंद लिहा. जुनी संशोधनं वाचताना बघा, कोणी तिनाने गुणलेला आकडा देतं, कोणी न गुणलेला. एकाच टेंडनची दोन मापं तिप्पट वेगळी दिसतात आणि दोन्ही बरोबर असतात.

यंत्राच्या कमाल मर्यादेचंही भान ठेवा. कित्येक यंत्रं सेकंदाला 10 मीटरवर, म्हणजे 300 किलोपास्कलवर थांबतात. काही 800 किलोपास्कलपर्यंत, म्हणजे साधारण 16 मीटरपर्यंत जातात. पट्टीचं कमाल टोक वाढवून ठेवा. आकडा टोकाला टेकलेला असेल तर तो "एवढा" नाही, "निदान एवढा" आहे, आणि तसंच लिहा. दोन पाय, दोन्ही टोकाला टेकलेले: यातून ते सारखे आहेत असा निष्कर्ष निघत नाही.

रंग वाचताना

ढोबळ नियम असा: निरोगी अकिलीस कडक, आजारी अकिलीस मऊ. तंतूंची वीण उसवते, मध्ये पाणी धरणारा गर वाढतो, आणि लाट रेंगाळते. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने 2013 मध्ये मृतदेहांच्या अकिलीस टेंडन आधी सोनोग्राफी-इलास्टोग्राफीने तपासल्या, मग त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. साध्या सोनोग्राफीत निसटलेल्या काही ठिकाणीही इलास्टोग्राफीत मऊपणा दिसला होता आणि तिथे खरोखर झीज सापडली. म्हणजे हे तंत्र नुसतं रंगकाम नाही.

पण उलटही होतं. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या टेंडनमध्ये थोडा मऊपणा सापडतो. म्हणून कुठल्या पातळीखाली आजार म्हणायचं याचा सर्वमान्य आकडा नाही, आणि एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावर नेऊन ताडता येत नाही. कोणी तुम्हाला एखादी मर्यादा पाठ करायला दिली तर आधी विचारा: कुठलं यंत्र, घोट्याचा कोन किती, प्रोब उभा की आडवा.

रंगच उमटला नाही अशी जागा सगळ्यात फसवी. लाट द्रवातून जात नाही, म्हणून फाटलेल्या जागी साचलेल्या रक्तात काळं भगदाड दिसतं. पण टेंडन यंत्राच्या आवाक्याबाहेर कडक असेल तरीही रंग गळतो. कॅल्शियमचा खडा असेल तरीही. तीन अगदी वेगळी कारणं, दिसणं एकसारखं. निर्णय साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरच होतो: तिथे काळी पोकळी आहे, घट्ट रेघा आहेत की चमकणारा खडा आणि त्याखाली सावली आहे.

जिथे इलास्टोग्राफीची गरजच नाही तिथे ती करू नका. पोटरीत गोळी लागल्यासारखा आवाज झाला, पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नाही, सोनोग्राफीत दोन टोकांमध्ये फट दिसतेय: निदान झालं. पाच मिनिटं वाचवा आणि फोन उचला. टेंडन शिवल्यानंतर मात्र महिनोन्‌महिने ती कशी कडक होत जाते हे बघायला शिअर वेव्ह कामाची आहे. पण तिथेही टाके आणि व्रणाची ऊती यांच्यापासून वर्तुळ दूर ठेवा.

रिपोर्टात काय उतरलं पाहिजे

यंत्र आणि प्रोब, पेशंटची स्थिती, गुडघा सरळ, घोट्याचा कोन, प्रोब तंतूंच्या दिशेत, मापाची जागा टाचेच्या हाडापासून किती सेंटिमीटर, मापं किती, मधला आकडा आणि सगळ्यात लहान-मोठा, दुसऱ्या पायाचे तेच, कमाल मर्यादा गाठली का. हे सगळं दोन ओळींत बसतं. निष्कर्षात जाडी, वीण आणि डॉपलर आधी, कडकपणा नंतर. युरोपच्या अल्ट्रासाउंड महासंघाच्या मार्गदर्शक सूचनाही स्नायू-सांध्यांच्या बाबतीत इलास्टोग्राफीला पूरक तपासणीच मानतात, आणि मला ते रास्त वाटतं.

एक घरचं काम: फिजिओथेरपिस्टकडून पेशंटचा व्हिसा-ए गुण मागवून घ्या. अकिलीसच्या त्रासासाठीची ही शून्य ते शंभर गुणांची प्रश्नावली 2001 पासून वापरात आहे. तुमचा आकडा आणि पेशंटचा त्रास शेजारी शेजारी लिहिले की सहा महिन्यांत तुम्हालाच कळेल, तुमच्या हातचा आकडा कितपत बोलतो.

इतर टेंडनकडे जाताना

गुडघ्याच्या वाटीखालची टेंडन सोपी वाटते, पण तिथे निष्कर्ष एकमताचे नाहीत. काही अभ्यासांत आजारी टेंडन निरोगीपेक्षा जास्त कडक निघाली आहे. तेव्हा "मऊ म्हणजे आजारी" हा अकिलीसचा नियम तिथे नेऊ नका, आणि गुडघा किती अंशांत वाकवलाय ते लिहायला विसरू नका. टेनिस एल्बोमध्ये कोपराच्या बाहेरच्या बाजूचा मऊपणा बऱ्यापैकी दिसतो, फक्त जागा एवढी लहान की वर्तुळात हाड येतं. खांद्यातली सुप्रास्पायनॅटस (हात बाजूला उचलणाऱ्या स्नायूची टेंडन) सगळ्यात शेवटी शिका. ती खोल, वाकडी, खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूच्या आड लपलेली आणि तपासायला हात मागे नेला की ताणलेली असते.

फिजिओथेरपी किंवा क्रीडावैद्यकात असणाऱ्यांसाठी कायद्याची एक ओळ. गर्भलिंगनिदान रोखणारा 1994 चा कायदा अल्ट्रासाउंडच्या यंत्राला लागू होतो, ते यंत्र तुम्ही कशासाठी वापरणार याला नव्हे. फक्त घोटे बघायचे म्हटलं तरी केंद्राची नोंदणी आणि वापरणाऱ्याची विहित पात्रता लागतेच. पोर्टेबल यंत्र गाडीत टाकून मैदानावर नेण्यावरही निर्बंध आहेत. विकणारा माणूस हे सांगेलच असं नाही.

दुसऱ्या भेटीला

बारा आठवडे टाच उचलण्या-उतरवण्याचे व्यायाम करून पेशंट परत येतो. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला हा क्रम, दिवसातून दोनदा, पंधराचे तीन संच, अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. मागचा रिपोर्ट समोर ठेवा. तेच यंत्र, तोच प्रोब, तोच कोन, त्याच खुणा, शक्यतो तोच हात. मागच्या वेळी टेबलावरच्या पायांचा मोबाइलने एक फोटो काढून फाइलला लावला असेल तर आता तो सोन्यासारखा उपयोगी पडतो.

बऱ्याचदा असं होतं की दुखणं निम्म्याने उतरलेलं असतं आणि आकडा जिथल्या तिथे. पेशंट पडद्याकडे बोट दाखवून विचारतो, "डॉक्टर, हा डाग अजून तसाच दिसतोय, म्हणजे पळायचं नाही का?" टेंडनची वीण सावकाश बदलते, दुखणं आधी उतरतं, हे त्याला सांगा. पळायचं की नाही हे त्याचा फिजिओ एका पायावर टाच किती वेळा उचलता येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखतं यावरून ठरवेल. मी तर आता दुसऱ्या भेटीत मॉनिटर पेशंटला दिसणार नाही असा थोडा फिरवूनच ठेवतो आणि पहिल्यांदा विचारतो, "जिना कसा उतरता सकाळी?"